माळवदावरची माती आधी उतरवा

 

आमच्या गटांच्या बैठकीत कर्जाची मागणी हंगामाप्रमाणे बदलते. मृगाच्या आधी बी आणि खत, त्यानंतर लेकरांच्या फी, आणि सोयाबीनचे पैसे आले, दिवाळी झाली, की घर. "ताई, यंदा घर नवं करायचंय, गटातून किती मिळतील?" हा प्रश्न आता इतक्यांदा येतो की आम्ही कार्यकर्त्या आधी घर बघायला जातो आणि मग रजिस्टर उघडतो. आज त्या घरांबद्दलच बोलायचं आहे. सासऱ्यांनी, आजेसासऱ्यांनी बांधलेली दगड-मातीची, माळवदाची घरं, ज्यांत आपण आजही राहतो आणि ज्यांना आता नवं रूप द्यायचं आहे.

घर बघताना आम्ही एकच विचारतो. पैसा हातात आला की पहिलं काम कोणतं धरणार? उत्तरं ठरलेली असतात. फरशी. पुढचा सागवानी दरवाजा. टीव्हीमागच्या भिंतीला डिझाइन. एका घरी तर छताला पीओपी करायचं ठरलं होतं, आणि त्याच छताच्या वर दोन फूट माती होती. गवंडी, घरधनी आणि दीर ओसरीवर बसून हिशोब करत होते, बाई आत चहा करत होती. ते पीओपी ज्या चुलीच्या खोलीत गळती थांबत नाही म्हणून तिने आमच्याकडे कर्ज मागितलं होतं, त्या खोलीचा त्या हिशोबात उल्लेखच नव्हता.

म्हणून आज क्रमाबद्दल बोलू. जुन्या घरात पहिला रुपया कुठे घालायचा, याबद्दल.

आपल्या धाराशिव-लातूर भागात हे सांगताना 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवल्याशिवाय राहत नाही. गणपती बुडवून गाव झोपलेलं. चारला चार-पाच मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली. ज्या मैत्रिणी चाळिशीच्या पुढे आहेत त्यांना काही सांगायला नको. पण आपल्या सुना आणि मुली त्याच्या नंतर जन्मलेल्या आहेत, आणि घराचे निर्णय आता त्यांच्या हातात यायला लागलेत. त्यांना हे माहीत पाहिजे की त्या रात्री बहुतेक माणसं जमिनीच्या हलण्यामुळे गेली नाहीत. ती दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या मातीखाली गाडली गेली.

आपलं माळवद कसं असतं बघा. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सरं, सरांवर फळ्या किंवा कामट्या, त्यावर काट्याकुट्या आणि पाला, आणि त्यावर माती. शेवटी पांढरीची माती, कारण तिच्यातून पाणी लवकर उतरत नाही. दरवर्षी पावसाआधी सासूबाई वर चढायच्या, गळतं तिथे पांढरी टाकायच्या, बडवायच्या. जुना थर कुणी काढत नव्हतं, त्यावरच नवा पडायचा. चाळीस वर्षांत अर्ध्या फुटाचं माळवद दीड-दोन फुटांचं होतं.

आता एक हिशोब करू. वही जवळ असेल तर लिहून घ्या. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे 120 चौरस फूट. तिच्यावर दीड फूट माती म्हणजे 180 घनफूट. एक घनफूट माती कोरडी धरली तरी साधारण 45 किलो भरते. म्हणजे आपण ज्याखाली लेकरं झोपवतो त्या एका खोलीवर 8,000 किलोच्या वर ओझं आहे. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दोन खेपा डोक्यावर आहेत म्हणा ना. पाऊस मुरला की आणखी वाढलं. तीच माती अर्धा फूट ठेवली तर ओझं 2,700 किलोवर येतं. एवढा फरक पडायला सिमेंटची एक गोणीही लागत नाही. लागतात ते चार-पाच मजूर, टोपल्या आणि दोन-तीन दिवस.

पीओपी नाही, फरशी नाही, पहिलं काम हे. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची, सहा ते आठ इंचांवर आणायची, आणि उतरवताना मध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद पसरून वर पुन्हा पातळ थर द्यायचा. गळती बहुतेक घरांत इथेच थांबते. दोन गोष्टी सांभाळायच्या. माती वरच्या वर एका कोपऱ्यात ढीग करून ठेवायची नाही, सगळीकडून सारखी उतरवायची. आणि काम चालू असताना खालच्या खोलीत कुणी बसायचं नाही, पाळणा तर नाहीच नाही.

माती निघाली की खालचं लाकूड दिसतं. तेव्हाच तपासून घ्या, कारण परत वीस वर्षं ते दिसणार नाही. खांबाचा बुंधा जमिनीला टेकतो तिथे आणि तुळईचं टोक भिंतीत जातं तिथे स्क्रूड्रायव्हर नाहीतर जाड खिळा टोचून बघा. लोण्यात गेल्यासारखा आत गेला, तर वाळवीने काम केलंय. सगळं लाकूड बदलायची गरज नसते. खराब झालेला एखादा खांब बदलता येतो. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंनी तिरके टेकू मारले तर सांगाडा हलत नाही. भूकंपानंतर ज्या घरांचा लाकडी सांगाडा पक्का होता, त्यांच्यातल्या काहींच्या भिंती पडल्या तरी वरचं छप्पर खांबांवर तोललेलं राहिलं होतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं काम भिंतींचं. आपली दोन-अडीच फुटांची भिंत बघून वाटतं की ही तोफेला पण हलणार नाही. पण ती एक भिंत नसते, दोन असतात. आतल्या बाजूने एक दगडांची रांग, बाहेरच्या बाजूने दुसरी, आणि मध्ये बारीक दगड, चुरा, माती भरलेली. पूर्वीचे चांगले गवंडी मधूनमधून दोन्ही रांगांना धरणारा लांब दगड आडवा घालायचे. तो महाग पडतो, घडवायला वेळ लागतो, म्हणून पुढे पुढे तो घालणं सुटलं. मग वरून पाणी झिरपलं, उंदरांनी बिळं केली, की दोन रांगा एकमेकींपासून सुटतात आणि भिंतीला पोट येतं.

हे पोट आपल्या आपण तपासता येतं. गवंड्याचा ओळंबा असेल तर उत्तम, नसेल तर दोऱ्याला दगड बांधून वरून सोडा आणि भिंत किती बाहेर आली ते बघा. मुठीने ठोका, डबडब वाजलं तर आत पोकळी आहे. चीर दिसली तर तिच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. महिन्याने चीर खुणेच्या पुढे गेली असेल तर भिंत अजून हलते आहे. आमच्या एका गटाने असं सगळ्या सभासदांच्या घरी फिरून एका दुपारी नऊ घरं तपासली. एका घरात चीर कपाटाच्या मागे होती, घरच्यांना माहीतच नव्हती.

पोट आलेला भाग काढून पुन्हा बांधावा लागतो, त्याला दुसरा इलाज नाही. बाकीच्या भिंतीला मात्र पाडण्याची गरज नसते. जिथे लांब दगड नाही तिथे भिंतीला आरपार भोक करायचं, दगड हलक्या हाताने सैल करून, घणाने ठोकून नाही. दोन्ही तोंडांना रुंद आणि मध्ये अरुंद असं. त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. साधारण दर दोन फूट उंचीवर आणि चार-चार फूट अंतरावर असे टाके घातले की दोन रांगा एकमेकींना धरून राहतात. गोधडीला टाके घालतो तेच काम. आणि दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या घराला फिरवून लोखंडी जाळीचा, सिमेंटचा पट्टा द्यायचा. घराला कंबरपट्टा घातला म्हणा. पट्टा कुठेही तुटता कामा नये, कोपऱ्यावर तर अजिबात नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही आहोत, आणि हे बायकांचं काम नाही असंही कुणी म्हणू नये. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. जी गावं पूर्ण पडली ती दुसरीकडे वसली, पण त्याहून किती तरी जास्त गावांत जुनीच घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. त्या कामात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. ज्यांनी तोवर गवंड्याशी तोंड उघडून बोललंही नव्हतं, त्या बायका घरोघर जाऊन पट्टा का द्यायचा, आडवा दगड का घालायचा, हे लोकांना सांगत होत्या, कामावर नजर ठेवत होत्या. आपल्या बचत गटांतल्या काही जुन्या सभासद त्याच घडणीतल्या आहेत. त्यांना विचारा, सिमेंट-वाळूचं प्रमाण त्या आजही तोंडपाठ सांगतील.

पण तेव्हाही एक झालं आणि ते आजही दिसतं. मिळालेल्या पैशात अनेकांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली बांधली. खोली पक्की झाली. मग त्या खोलीत धान्याची पोती, खताच्या गोण्या, पाहुण्यांचा पलंग गेला, आणि माणसं झोपायला परत जुन्याच माळवदाखाली. आता घरकुलाचंही तेच व्हायला लागलंय. म्हणून पक्की खोली असेल तर आजपासून म्हातारी माणसं आणि लेकरं तिच्यात झोपवा, पोती जुन्या घरात हलवा. याला एक रुपया लागत नाही.

आता स्लॅबचं. "माती काढतोच आहोत तर वर स्लॅबच टाकू" असं गुत्तेदार म्हणतो. मातीत बांधलेल्या जुन्या दगडी भिंतींवर स्लॅब टाकू नका. स्लॅब पाहिजेच असेल तर त्याच्यासाठी पायापासून कॉलम उभे करा, किंवा सिमेंटमधल्या नव्या भिंती बांधा. पैसे तेवढे नसतील तर पत्रा परवडला. आमच्याकडच्या काही आजी आजही म्हणतात, पत्राच बरा बाई, पडला तरी माणूस उठून बसतं. त्यांचं चुकत नाही. पत्र्याचा त्रास उन्हाळ्याचा. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी भाकरी थापायची म्हणजे शिक्षाच. पत्र्याला किंवा स्लॅबला वरून पांढऱ्या चुन्याचा हात दिला की ऊन बरंच परत फिरतं. आणि पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या किंवा जुन्या फळ्यांचं आतलं छत दिलं तर आणखी बरं. अर्ध्या फुटाचं हलकं केलेलं माळवद मात्र उन्हाळ्यात या दोघांनाही मागे टाकतं, हे ज्यांनी दोन्हीखाली उन्हाळा काढलाय त्यांना विचारा.

आणखी एक फसवं काम म्हणजे मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा. पहिल्या वर्षी घर नव्यासारखं दिसतं. पण भिंतीच्या आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, सिमेंट मातीला धरत नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आत काय कुजलंय तेही दिसत नाही. चुन्याचा नाहीतर मातीचाच गिलावा अशा भिंतीला सोसतो. आधी भिंतीच्या बुडाशी पाणी साचू देऊ नका. घराभोवती दोन-तीन फुटांची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करा, माळवदाच्या पन्हळी लांब काढा. ओल खालूनच चढते.

खिडक्या मोठ्या करायच्या असतात, ते बरोबरच आहे. माजघरातला तो दिवसाढवळ्याचा अंधार आपण सगळ्यांनी भोगलाय. बाळंतिणीची खोली म्हणून जी जागा घरात सगळ्यांत अंधारी, सगळ्यांत कोंदट, तिच्यात आपण सव्वा महिना काढायचो. उजेड पाहिजेच. पण खिडकी कोपऱ्यापासून किमान दोन फूट लांब काढा, एका भिंतीत तीन-तीन भोकं पाडू नका, आणि वर लिंटल टाकल्याशिवाय खालचा दगड काढू नका. माळवदातलं ते उजेडाचं भोक, ज्याला कुणी साणं म्हणतं, कुणी सवणं, ते बुजवायची घाई करू नका. त्यावर काचेचं झाकण बसतं, उजेड येतो, पाऊस येत नाही.

आता आपल्या हक्काच्या जागेकडे, स्वयंपाकघराकडे. इथे आम्ही थोडं जास्त बोलणार आहोत, कारण गुत्तेदाराच्या कागदावर हे सगळ्यांत कमी असतं. उभ्याचा ओटा करायचा असेल तर गवंड्याला 'नेहमीसारखा कर' म्हणू नका. त्याच्या नेहमीच्या मापात तुम्ही नसता. जी बाई तिथे रोज तीन तास उभी राहणार तिला चपला घालून उभी करा, कोपर वाकवायला लावा, आणि कोपराच्या चार बोटं खाली ओटा येऊ द्या. उंच सून आणि ठेंगणी सासू असेल तर कोण जास्त वेळ उभी राहते ते बघून ठरवा. गॅसची टाकी जमिनीवर उभी, शेगडी ओट्यावर तिच्यापेक्षा उंच, आणि खिडकी शेगडीच्या अगदी समोर नको, वाऱ्याने जाळ विझतो. बाजूला असावी.

चूल आपण सोडलेली नाही, खोटं कशाला बोलायचं. टाकी भरायला पैसे नसतात तेव्हा, आंघोळीच्या पाण्याला, आणि भाकरी तव्यावरून विस्तवावर टाकायची असते तेव्हा चूलच पेटते. मग घर नवं करताना चुलीला जागाच नाही असा नकाशा करू नका, नाहीतर ती नव्या फरशीवर तीन विटा मांडून पेटणार आणि धूर सगळ्या घरात. तिला मागच्या बाजूला, पत्र्याच्या पडवीत, छपराच्या वर निघणाऱ्या धुराड्यासकट जागा द्या. धुराचा त्रास डोळ्यांपुरता नसतो, तो छातीत जातो, आणि जवळ खेळणाऱ्या लेकराच्याही जातो.

न्हाणी आणि संडास. आम्ही कित्येक घरं बघितली जिथे पुढे ग्रॅनाइटच्या पायऱ्या आहेत आणि घरातली सून अजून पहाटे साडेचारला, साड्या बांधलेल्या आडोशाला अंघोळ करते, कारण पुरुष उठायच्या आत उरकायचं असतं. दिवसभर पाणी कमी पिते, कारण अंधार पडेपर्यंत जाता येत नाही. हे ज्या घरात चालू आहे ते घर नवं झालं असं आम्ही तरी म्हणत नाही. संडास दोन खड्ड्यांचा करा. प्रत्येक खड्डा साधारण एक मीटर रुंद, एक मीटर खोल, जाळीदार बांधकामाचा, तळाला सिमेंट नाही. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा. पाच-सहा माणसांच्या घरात तो भरायला काही वर्षं जातात. भरला की दुसरा चालू करायचा, आणि पहिला वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवला की आत कोरडं, बिनवासाचं खत तयार होतं. सेप्टिक टाकीचा खर्च जास्त, आणि ती उपसायला गाडी आपल्या बोळात येत नाही. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर खड्डा तीस-पस्तीस फूट तरी लांब ठेवा. न्हाणीचं पाणी मात्र संडासाच्या खड्ड्यात सोडू नका. त्याला वेगळा शोषखड्डा करा, नाहीतर केळीच्या बुडाशी सोडा.

विजेचं थोडक्यात. जुन्या घरात वायर तुळईवर खिळ्यांनी ठोकलेली असते आणि भिंत पावसाळ्यात ओली. वायर पाइपातून घाला, अर्थिंग करा, आणि शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, त्याला आरसीसीबी म्हणतात, तो बसवून घ्या. हे झुंबराच्या आधी.

आता पैसा. घरकुल मंजूर होत असेल तर प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागाला 1,20,000 रुपये मिळतात, हप्त्याहप्त्याने, खात्यावर. त्याशिवाय रोजगार हमीची मजुरी, आणि संडासाला स्वच्छ भारतचे 12,000. घर किमान 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 270 चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. मंजुरी यायच्या आत जुनं घर पाडू नका. आधीचा फोटो घ्यायला माणूस येतो, तेव्हा दाखवायला घरच नाही असं होतं. भिंतींबद्दल शंका असेल तर पंचायत समितीत घरकुलाचं काम बघणारे अभियंते असतात, त्यांना गटाच्या लेटरहेडवर पत्र देऊन बोलवा. एकट्या बाईला "बघू" म्हणतात, ग्रामसंघाच्या पत्राला तारीख देतात.

कर्ज काढताना एकच प्रश्न विचारा. व्याज सपाट आहे की घटत्या शिल्लकीवर? दोन्ही ठिकाणी 12 टक्केच सांगतात. एक लाख रुपये, तीन वर्षं. सपाट असेल तर व्याज 36,000, महिन्याचा हप्ता 3,778. घटत्या शिल्लकीवर हप्ता 3,321, आणि तीन वर्षांचं व्याज साधारण 19,600. टक्का तोच, आणि 16,000 रुपयांहून जास्त फरक. तेवढ्यात न्हाणीचं दार आणि बरंचसं सामान येतं. गटातलं अंतर्गत कर्ज महिना दोन टक्क्यांनी असेल तर ते वर्षाला 24 पडतं, हेही लक्षात असू द्या. ते छोट्या, लवकर फिटणाऱ्या कामाला घ्या, माळवद उतरवायच्या मजुरीला वगैरे.

जुनं लाकूड विकताना सावध. घर काढलंय म्हटलं की दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात येतो. "कुजकं आहे मावशी, जळणाच्या भावाने देतो." सागाचे कोरीव खांब, चौकटी, जुने दरवाजे शहरात हॉटेलांना आणि बंगल्यांना मोठ्या किमतीला जातात. तीन जणांकडून भाव घ्या, फुटाने मोजून द्या, आणि चांगल्या तुळया स्वतःच्याच घराला ठेवा. आमच्या एका गटातल्या मावशींनी दोन दिवस थांबून लाकूड विकलं, तर पहिल्याने सांगितलेल्या पैशाच्या तिप्पट आले.

काम कधी धरायचं? दिवाळी झाल्याबरोबर. उन्हाळ्यात धरलं तर काँक्रीटला दहा-बारा दिवस पाणी मारायला पाणीच नसतं. टँकरचं पाणी माणसाला पुरत नाही तिथे पट्ट्याला कुठून मारणार? आणि न भिजलेलं काँक्रीट दिसायला तसंच दिसतं, ताकद मात्र नसते. गवंड्याशी ठरलेलं सगळं वहीच्या पानावर लिहा. काय करणार, कोणत्या टप्प्याला किती पैसे, सिमेंट कुणाचं. खाली दोघांच्या सह्या. पट्ट्याचं काँक्रीट टाकायच्या दिवशी मजुरीला जाऊ नका, तिथे उभ्या राहा.

शेवटचं, नावाचं. एवढं कर्ज आपल्या गटाच्या नावावर, हप्ता आपल्या शिवणकामातून, शेळीतून, आणि उताऱ्यावर नाव फक्त घरधन्याचं. ग्रामविकास विभागाने 2003 साली 'घर दोघांचे' म्हणून निर्णय काढलेला आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठवर नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्या. नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पूर्ण पुरावा नव्हे, पण आपलं नाव कागदावर येण्याची ती पहिली पायरी आहे. गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन सनद आली असेल, तर तिच्यावर कुणाचं नाव लागलंय तेही बघून घ्या. घरकुल तर बाईच्या किंवा दोघांच्या नावावरच मागा. नवरे नाही म्हणतात असं आम्ही धरून चालायचो, तसं फार कमी वेळा होतं. बहुतेकदा त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

येत्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने नमुना आठची झेरॉक्स घेऊन यावं, आणि ज्यांनी भिंतींना खुणा केल्यात त्यांनी चीर किती पुढे गेली तेही लिहून आणावं. ओळंबे आम्ही चार आणून ठेवलेत, ग्रामसंघाच्या कपाटात आहेत. लागतील त्या गावाने रजिस्टरला सही करून घेऊन जावेत.